कॉर्निस आणि कोव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंत आणि छत जिथे भेटतात तिथल्या पट्टीविषयी वाचक सतत प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले असून अपवादाचे पुढे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉर्निस आणि कोव्हिंग यांत नेमका फरक काय? दुकानात दोन्ही शब्द एकाच वस्तूला वापरतात.

कोव्हिंग म्हणजे आतल्या बाजूला वळलेली साधी अंतर्वक्र पट्टी. तिचा छेद साधारण पाव वर्तुळासारखा दिसतो आणि तिच्यावर नक्षी नसते. कॉर्निस हा व्यापक शब्द आहे. अनेक कंगोरे, खाचा, गोलाई आणि कधी पानाफुलांची नक्षी एकावर एक रचलेली पट्टी म्हणजे कॉर्निस. त्यामुळे कोव्हिंगला कॉर्निसचा सर्वांत साधा प्रकार म्हणता येईल, पण प्रत्येक कॉर्निस कोव्हिंग नसते. बोलताना लोक दोहोंना ‘पीओपीची पट्टी’ किंवा नुसते ‘मोल्डिंग’ म्हणतात, आणि त्याने सहसा काही बिघडत नाही. मात्र ‘कोव्ह’ हा शब्द दिवे लपवण्याच्या खोबणीलाही वापरला जातो, म्हणून मागणी नोंदवताना तोंडी नावावर न राहता छेदाचे चित्र दाखवावे. गच्चीवर फरशी आणि कठडा यांच्या कोपऱ्यात गवंडी जो ‘वाटा’ काढतो, तो याच कुळातला आहे. तिथे तो शोभेसाठी नसून पाण्यासाठी असतो.

२. हिचा काही उपयोग असतो, की ही निव्वळ शोभा?

उपयोग असतो. भिंत आणि छत बहुधा वेगवेगळ्या सामानाची असतात, वेगवेगळ्या वेळी बांधलेली असतात आणि ऊन, ओल व भार यांनी वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. या दोघांमधली रेषा कधीच अगदी सरळ नसते आणि तिथे बारीक भेग पडण्याची शक्यता नेहमी राहते. पट्टी ही रेषा झाकते. इमारतीच्या बाहेरची कॉर्निस पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकते (प्रश्न १८). शोभा या कामातून जन्मली आहे. निवड करताना पट्टीखालचा सांधा काय करतो आहे, हे आधी पाहावे आणि नक्षीचा विचार त्यानंतर करावा, असे आम्ही सुचवतो. पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ याच सूचनेत आहे.

३. दातांसारख्या चौकोनी ठोकळ्यांची किंवा अंड्यांसारखी नक्षी कुठून आली?

प्राचीन ग्रीक देवळांत खांबांवरच्या आडव्या भागाचे तीन थर असत. खाली तुळईसारखा आर्किट्रेव्ह, मध्ये फ्रीझ आणि सर्वांत वर पुढे आलेली कॉर्निस. दातांसारख्या ठोकळ्यांना डेंटिल म्हणतात. ही देवळे आधी लाकडाची होती आणि छपराच्या वाशांची बाहेर आलेली टोके पुढे दगडात कोरली गेली, त्यांचेच हे डेंटिल, असे स्पष्टीकरण रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात दिले आहे. याच तर्काने तो पुढे सांगतो की, त्रिकोणी दर्शनी भागाच्या तिरप्या कडांवर डेंटिल काढणे जुन्या कारागिरांना मान्य नव्हते, कारण वासे त्या बाजूने बाहेर येतच नाहीत. नंतरच्या शतकांनी हा नियम सर्रास मोडला आणि आज तसे डेंटिल कुणालाच खटकत नाहीत.

अंडे आणि बाण यांची आलटून पालटून येणारी नक्षी बहुधा बहिर्वक्र गोलाईवर कोरतात, कारण त्या गोलाईवर तिची सावली चांगली पडते. काटेरी ॲकँथस झाडाची पाने हीसुद्धा ग्रीक परंपरेतून आलेली आहेत. इजिप्तच्या देवळांवरची मोठी अंतर्वक्र कॉर्निस मात्र वेगळ्या घराण्यातली आहे. छेदाने ती आजच्या कोव्हिंगला जास्त जवळची आहे.

४. पीओपी, थर्माकोल, पीयू, एमडीएफ, लाकूड यांतले काय घ्यावे?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे आणि त्याला एकच उत्तर नाही.

पीओपी म्हणजे जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, त्यातले बरेचसे बद्ध पाणी काढून टाकून केलेली भुकटी. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांत घट्ट होते आणि घट्ट होताना किंचित फुगते. या फुगण्यामुळे साच्यातली बारीक रेघसुद्धा भरून येते, आणि तीक्ष्ण नक्षीच्या बाबतीत पीओपीला अजून तोड नाही. ती जळत नाही, दुरुस्त करता येते आणि रंगल्यावर भिंतीचाच भाग वाटते. तिचे वजन आणि ठिसूळपणा हे तोटे आहेत, आणि जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते. म्हणून ती उघड्यावर वापरू नये.

थर्माकोलची पट्टी हलकी असते, कात्रीने किंवा चाकूने कापता येते आणि एकट्या माणसाला लावता येते. पण कडा बोथट दिसतात, बोट लागले तरी खळगा पडतो आणि आगीत ती वितळून जळते. तिला द्रावकयुक्त चिकटपदार्थ किंवा ऑइलपेंट लावला तर ती अक्षरशः विरघळते. तरीही ही चूक दर महिन्याला कुणीतरी कळवते.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक फोम, या दोहोंच्या मधला आहे. वजनाने हलका, नक्षी बऱ्यापैकी तीक्ष्ण, सुतारी हत्यारांनी कापता येणारा आणि ओलीला न घाबरणारा. तोही ज्वलनशील आहे, त्यामुळे अग्निरोधक दर्जा विचारूनच घ्यावा.

लाकूड हवेतल्या आर्द्रतेनुसार आडव्या दिशेने फुगते व आकसते. ते लाकडी छताशी आणि लाकडी तावदानांशी शोभून दिसते, पण जोड उघडतील हे गृहीत धरावे लागते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, सरळ आणि स्वस्त असते, मात्र ओल लागली की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

आमचे मत विचाराल, तर नक्षीदार कॉर्निस हवी असल्यास पीओपीच घ्यावी. साधी वक्र पट्टी स्वतः लावायची असेल, तर पीयू घ्यावी. थर्माकोल फक्त तात्पुरत्या सजावटीला ठीक आहे.

५. ‘जागेवर ओढलेली’ आणि ‘साच्यातली’ पीओपी कॉर्निस यांत फरक काय?

जागेवर ओढताना कारागीर जस्ताच्या पत्र्यात इच्छित छेद कापतो, तो पत्रा लाकडी चौकटीत बसवतो आणि भिंतीवर ठोकलेल्या सरळ पट्टीच्या आधाराने ओल्या गिलाव्यावरून पुन्हापुन्हा ओढतो. प्रत्येक फेरीत आकार भरत जातो. खोलीच्या सर्व वाकड्यातिकड्यासह कॉर्निस एकसंध होते आणि मधे जोड राहत नाहीत. पाने आणि फुले वेगळी ओतून नंतर चिकटवतात.

साच्यातली पद्धत एका फ्रेंच मूर्तिकाराने १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलेल्या पेटंटनंतर तिथे फैलावली. त्याचे नाव देसाशी. या पद्धतीत पीओपीच्या पातळ थरात गोणपाट आणि लाकडाच्या पट्ट्या घालतात, त्यामुळे मोठे तुकडे कारखान्यात तयार करून जागेवर नेता येतात. आज गोणपाटाऐवजी बहुधा काचतंतू वापरतात. नवीन कामाला साच्यातली पुरेशी आहे. जुन्या इमारतीत ओढलेली कॉर्निस असेल, तर मात्र दुरुस्तीही त्याच पद्धतीने करावी.

६. आमच्या खोलीचे छत बुटके आहे. कॉर्निस लावली तर ते आणखी बुटके दिसेल का?

रुंद आणि खोल उतरणारी लावली तर दिसेल. डोळा भिंतीची उंची कॉर्निसच्या खालच्या कडेपर्यंत मोजतो. बुटक्या खोलीत भिंतीवर कमी उतरणारी आणि छतावर जास्त पसरणारी पट्टी निवडावी, म्हणजे छत मोठे भासते. साधारण २.४ मीटर उंचीच्या खोलीत ७५ ते १०० मि.मी. उतरण पुरते. ३ मीटरच्या खोलीत १५० मि.मी.ही जड वाटत नाही. हा अंदाज आहे, नियम नव्हे.

पट्टीच्या नावातल्या आकड्याने मात्र फसू नये. कोव्हिंगवर लिहिलेला आकडा अनेकदा वक्र पृष्ठाची लांबी असतो. शुद्ध पाव वर्तुळ धरले, तर १२७ मि.मी. वक्रलांबीची पट्टी भिंतीवर सुमारे ८१ मि.मी.च उतरते.

निर्णय होत नसेल तर पुठ्ठ्याचा छेद कापून, त्याचा हातभर तुकडा कोपऱ्यात चिकटवावा आणि दोन दिवस पाहावा. हा उपाय बाळबोध वाटेल, पण रोममधल्या पालाझ्झो फार्नेसेचे काम १५४६ नंतर मायकेलएंजेलोकडे आले, तेव्हा त्यानेही कॉर्निसच्या कोपऱ्याची लाकडी प्रतिकृती इमारतीवर चढवून पाहिली होती.

७. किती पट्टी लागेल हे कसे मोजावे?

खोलीची परिमिती मोजावी आणि तीत एक दशांश वाढवावे. पण नुसत्या बेरजेवर न थांबता तुकडे कसे पडतील हे कागदावर काढावे. ४ बाय ३ मीटर खोलीची परिमिती १४ मीटर होते आणि ३ मीटरच्या पाच पट्ट्या पुरतात असे दिसते. दोन पट्ट्या लहान भिंतींना, दोन मोठ्या भिंतींना आणि पाचवीचे दोन तुकडे मोठ्या भिंतींत उरलेल्या एकेका मीटरला. एक काप चुकला की मात्र काम अडते, म्हणून सहावी पट्टी आधीच आणावी. बाहेर आलेला कोपरा असेल तर त्यासाठी थोडी जास्त धरावी.

८. ४५ अंशात कापूनही कोपरे जुळत नाहीत. काय चुकते आहे?

बहुधा दोन गोष्टींपैकी एक. पहिली गोष्ट अशी की, कोपरा गुण्यात नसतो. ९० ऐवजी ८८ किंवा ९२ अंशांचा कोपरा अगदी सामान्य आहे आणि त्याच्या निम्म्या अंशात काप द्यावा लागतो. टाकाऊ पट्टीचे दोन लहान तुकडे कापून ते कोपऱ्यात धरून पाहावेत आणि जुळले की मगच मोठी पट्टी कापावी.

दुसरी चूक अधिक चकवणारी आहे. कॉर्निस भिंतीला सपाट टेकत नाही, ती भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरकी बसते. म्हणून करवतीवरही ती तशीच तिरकी धरावी लागते. छताची कड यंत्राच्या तळाला आणि भिंतीची कड उभ्या आधाराला टेकवून, म्हणजे पट्टी उलटी धरून, ४५ अंशांचा काप द्यावा. उलटी धरल्यामुळे डावे-उजवे गोंधळते, तेव्हा पट्टीवर ‘छत’ आणि ‘भिंत’ असे पेन्सिलने लिहून ठेवावे.

पट्टी रुंद असल्यामुळे आडवी पाडूनच कापायची असेल, तर करवतीला दोन्ही कोन द्यावे लागतात. भिंतीशी ३८ अंश करणाऱ्या पट्टीला ९० अंशांच्या कोपऱ्यासाठी आडवा कोन ३१.६ आणि पात्याचा कल ३३.९ अंश ठेवावा. भिंतीशी ४५ अंश करणाऱ्या पट्टीला हेच आकडे ३५.३ आणि ३० होतात. आडव्या पट्टीला थेट ४५ अंश दिले, की कोपरा कधीच जुळत नाही.

आतल्या कोपऱ्यासाठी सुतार आणखी एक युक्ती वापरतात. एक पट्टी सरळ कोपऱ्यापर्यंत नेऊन भिडवतात आणि दुसरीचे टोक पहिलीच्या छेदाच्या आकारात बारीक करवतीने कोरून तिच्यावर बसवतात. कोपरा गुण्यात नसला तरी हा जोड उघडत नाही. लाकूड, एमडीएफ आणि पीयू यांना ही रीत चालते. पीओपी तुटते, म्हणून तिथे काप देऊन फट भरून घेणेच बरे.

९. छत वर-खाली आहे. पट्टी छताला टेकवावी की पाणसळीत ठेवावी?

छताचा उतार सलग आणि सौम्य असेल, तर छताच्या बाजूने जावे, कारण पट्टी आणि छत यांच्यातली वाढत जाणारी फट डोळ्याला लगेच दिसते, तर किंचित तिरकी पट्टी दिसत नाही. मधेच फुगवटा किंवा खळगा असेल, तर भिंतीवर पाणसळीत दोरी मारून पट्टी सरळ बसवावी आणि वरची फट लांबीने (पुट्टीने) भरावी. १० मि.मी.हून मोठी फट लांबीने भरू नये. तिथे आधी छताचा गिलावा दुरुस्त करावा. कपाटाची आडवी कड पट्टीच्या अगदी जवळ येत असेल, तर वरचा सल्ला उलटा होतो. तिथे पाणसळच पाळावी, कारण दोन जवळच्या रेषांतला फरक लपत नाही.

१०. नुसते चिकटवणे पुरेल, की स्क्रूही मारावेत?

थर्माकोल आणि हलक्या पीयूला योग्य चिकटपदार्थ पुरतो. पीओपीच्या जड कॉर्निसला चिकटवण्याबरोबर न गंजणारे स्क्रू हवेत आणि ते गिलाव्यात नव्हे, तर मागच्या विटेत, लाकडात किंवा धातूच्या सांगाड्यात रुतले पाहिजेत. पृष्ठभाग तयार करण्याला कुणी वेळ देत नाही आणि तिथेच काम फसते. जुना चुना किंवा सुटा रंग खरवडून काढावा, नाहीतर पट्टी रंगाला चिकटते आणि रंगासकट खाली येते. लांब भिंतीवर दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडण्याऐवजी दोघींना तिरका काप देऊन एकीवर एक बसवावे. असा जोड भरल्यावर कमी दिसतो.

११. रंग आधी द्यावा की बसवल्यानंतर?

प्रायमर आणि पहिला हात जमिनीवर, शेवटचा हात जोड भरल्यानंतर जागेवर. नवी पीओपी पूर्ण वाळल्याशिवाय रंगवू नये. नक्षीदार पट्टीवर रंगाचे थर पातळ ठेवावेत (कारण प्रश्न १६ मध्ये दिसेल).

१२. पट्टीच्या कडेला दरवर्षी त्याच जागी भेग पडते. किती वेळा भरायची?

भेग कुठे आणि कधी पडते हे पाहिल्याशिवाय ती भरू नये. पट्टीच्या कडेची केसासारखी भेग बहुधा वाळण्यातून आलेली असते. कडक लांबीऐवजी रंगवता येणारा लवचीक ॲक्रिलिक सीलंट तिथे टिकतो. दोन पट्ट्यांच्या जोडावरच उभी भेग येत असेल, तर जोडाखाली आधार नाही किंवा जोड भरताना जाळीची पट्टी घातलेली नाही. भेगेजवळ पिवळट डाग असेल, तर वर कुठेतरी पाणी आहे. तिथे पट्टीचे काम थांबवून गळती शोधावी. भेग तिरकी असेल, रुंदावत असेल किंवा भिंतीतही उतरत असेल, तर ती पट्टीची राहत नाही आणि संरचना अभियंत्याला बोलावणे भाग आहे.

एक प्रकार थंड प्रदेशातल्या लाकडी कैचीच्या (त्रिकोणी सांगाड्याच्या) छपरांत दिसतो. हिवाळ्यात कैचीची खालची तुळई उष्णतारोधक थरात गाडलेली, उबदार आणि कोरडी राहते. वरचे वासे ओल शोषून लांबतात. मग कैची मध्यभागी वर उचलली जाते, तिच्याबरोबर छतही उचलले जाते आणि आतल्या भिंतींवर फट उघडते. उन्हाळ्यात ती आपोआप मिटते. ही फट भरणे व्यर्थ आहे. पट्टी फक्त छताला बांधावी आणि भिंतीला मोकळी ठेवावी, म्हणजे ती छताबरोबर वर-खाली सरकते आणि फट तिच्यामागे लपलेली राहते. भिंतीचा रंग पट्टीच्या मागेपर्यंत गेलेला असावा, नाहीतर पट्टी सरकल्यावर जुन्या रंगाची रेघ दिसते.

१३. पट्टीच्या मागे एलईडीची पट्टी बसवायची आहे. काय काळजी घ्यावी?

त्यासाठी छतापासून खाली उतरवलेली, वरून उघडी कोव्ह लागते. छताला टेकलेल्या कॉर्निसमागे उजेडाला बाहेर पडायला वाटच नसते. छत आणि कोव्हची वरची कड यांत किमान १५० मि.मी. अंतर ठेवावे. कमी ठेवले तर छतावर सलग उजेडाऐवजी भगभगीत पट्टा दिसतो. पुढची कड इतकी उंच असावी की खोलीत उभ्या माणसाला एलईडीचे ठिपके दिसू नयेत. एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावी, म्हणजे उष्णता निघून जाते आणि ती जास्त टिकते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, पीओपीत बंद करून टाकू नये. सगळ्यात आधी बिघडतो तो ड्रायव्हरच, आणि मग छत फोडावे लागते. थर्माकोलची कोव्ह दिव्यांसाठी वापरू नये. छताचा गिलावा चकचकीत आणि खडबडीत असेल, तर हा खालून येणारा उजेड प्रत्येक खड्डा दाखवतो, हेही लक्षात असू द्यावे.

१४. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात कॉर्निस चालते का?

वाफ बाहेर जात असेल तर चालते. न्हाणीघरात साधी, नक्षी नसलेली पीयूची पट्टी लावावी आणि कडा सीलंटने बंद कराव्यात. शेगडीच्या वर नक्षीदार काहीच नको, कारण तेलकट थर खाचांत बसला की निघत नाही. थर्माकोल तर तिथे धोक्याचाच आहे.

रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत आणि अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत जमीन व भिंत यांच्या सांध्यावरही गोलाई देतात. तिचा हेतू वेगळा आहे. काटकोनात मळ साठतो, गोलाईत पोछा सहज फिरतो.

१५. तिरप्या छताच्या किंवा गोल भिंतीच्या खोलीत कॉर्निस कशी न्यावी?

तिरप्या छतात खरी अडचण भूमितीची आहे. आडवी पट्टी जेव्हा कोपऱ्यावर चढत्या पट्टीला मिळते, तेव्हा एकाच छेदाच्या दोन पट्ट्या कोणत्याही कापाने तंतोतंत जुळत नाहीत. चढत्या पट्टीचा छेद वेगळा काढावा लागतो. जुने कारागीर तो कागदावर काढून पत्र्यात कापत. तयार पट्ट्यांनी काम करायचे असेल, तर आडवी पट्टी कोपऱ्याआधी संपवावी आणि तिच्या टोकाला तिच्याच छेदाचा लहान तुकडा भिंतीकडे वळवून लावावा, म्हणजे टोक उघडे दिसत नाही. दुसरी वाट म्हणजे कोपऱ्यात एक चौकोनी ठोकळा बसवून दोन्ही पट्ट्या त्याला भिडवणे. पट्टी खिडकीच्या पडद्याजवळ किंवा कपाटाजवळ मधेच थांबवायची असेल, तिथेही वळवलेल्या टोकाची हीच युक्ती वापरावी.

गोल भिंतीला लवचीक पीयूची पट्टी मिळते. वक्रता किती आणि पट्टी कोणत्या बाजूला वाकणार हे सांगूनच ती मागवावी. पीओपीत करायचे असेल, तर पत्र्याचा साचा लांब दांड्याने मध्यबिंदूशी बांधून कंपाससारखा फिरवतात.

१६. जुन्या कॉर्निसची नक्षी रंगाच्या थरांखाली बुजली आहे. ती मोकळी करता येईल का?

येते, पण घाई करू नये. आधी एका कोपऱ्यात ओला बोळा फिरवून पाहावा. रंग बोळ्याला लागला तर तो पाण्यात विरघळणारा डिस्टेंपर आहे आणि कोमट पाणी, मऊ ब्रश व लाकडी टोकदार काडी यांनी तो निघतो. एका वेळी हातभर भागच ओला करावा, कारण पाणी मुरले तर पीओपीही मऊ पडते. ऑइलपेंटला लेपासारखा लावायचा रंगकाढू पदार्थ वापरावा लागतो आणि तो आधी लपलेल्या जागी तपासावा. लोखंडी खरवडणी आणि कडक सँडपेपर नक्षीच घेऊन जातात.

जुन्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, यावरून ते किती उशिरापर्यंत वापरात होते हे कळते. म्हणून जुना रंग कोरडा कधीही घासू नये आणि शिशाची चाचणी आधी करावी. काही जुन्या खडबडीत लेपांत ॲस्बेस्टॉसही असते. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

१७. जुन्या कॉर्निसचा तुकडा पडला आहे. तसाच तुकडा करून मिळेल का, आणि बाकीची सुरक्षित आहे हे कसे ओळखावे?

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर, कारण ते अधिक तातडीचे आहे. काठीला कापड गुंडाळून कॉर्निस हळूच ठोकावी. भरीव आवाजाच्या मधेच पोकळ आवाज आला, तर मागची पकड सुटली आहे. खालची कड लोंबली असेल किंवा छतापासून नवी फट दिसत असेल, तर खाली वावर बंद करावा. गोणपाटाच्या पद्धतीच्या (प्रश्न ५) छतांत भार पेलणाऱ्या गाठी वरच्या बाजूला असतात, आणि खालून छत ठणठणीत दिसत असतानाही त्या कुजलेल्या असू शकतात. लंडनच्या १९०१ सालच्या अपोलो नाट्यगृहात १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रयोग चालू असताना छताचा भाग कोसळून सत्तराहून अधिक लोक जखमी झाले. गोणपाटाच्या गाठी काळानुसार कमकुवत झाल्या होत्या. म्हणून अशा छताची तपासणी वर चढून करणेच योग्य.

तुकडा करून मिळतो. साधा छेद असेल तर शाबूत भागाचा आकार कंगव्यासारख्या छेदमापकाने उतरवून पत्रा कापतात आणि नवा तुकडा टेबलावर ओढतात. नक्षी असेल तर शाबूत भागावर सिलिकोन लावून साचा घेतात. साचा घेण्याआधी त्या भागावरचे रंगाचे थर काढावेत, नाहीतर बुजलेल्या नक्षीचीच नक्कल होते. पडलेले तुकडे, कितीही लहान असले तरी, टाकू नयेत.

१८. इमारतीच्या बाहेरची कॉर्निस खराब झाली आहे. दुरुस्तीपेक्षा काढून टाकणे स्वस्त पडेल ना?

त्या वर्षी पडेल. पण बाहेरची कॉर्निस पाणी भिंतीपासून दूर ठेवते. तिच्या खालच्या बाजूला कडेजवळ एक बारीक खोबण असते. पाणी तिथून ठिबकून खाली पडते आणि मागे भिंतीकडे वाहत नाही. रंगाच्या किंवा सिमेंटच्या थरांनी ही खोबण बुजली, की खालची भिंत ओलावू लागते आणि दोष कॉर्निसवर येतो. दुरुस्तीची सुरुवात या खोबणीपासून करावी. पुढे वरच्या पृष्ठाला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, त्यावरचे धातूचे आच्छादन शाबूत आहे का आणि सांध्यांत झाडे रुजली आहेत का, हे पाहावे.

दगडी कॉर्निसचा तोल मागच्या वजनावर असतो. दगडाचा मोठा भाग भिंतीत दबलेला असतो आणि वरच्या कठड्याचे वजन त्याला धरून ठेवते. म्हणून कठडा आधी काढणे धोक्याचे आहे. आतले लोखंडी आकडे गंजले तर गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. तपकिरी ओघळ दिसला तर समजावे की हे सुरू झाले आहे. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये इमारतीचा तुकडा अंगावर पडून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर १९८० पासून तिथे सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची ठरावीक मुदतीने तपासणी कायद्याने सक्तीची झाली. तेव्हा अनेक मालकांनी दुरुस्तीऐवजी नक्षी काढून टाकली, आणि उघड्या पडलेल्या भिंतीला पाण्यापासून वाचवण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली.

काढावीच लागली, तर तिच्या जागी काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटची हलकी प्रतिकृती बसवता येते. सिमेंटचा क्षार साध्या काचेला खातो, म्हणून त्यात झिर्कोनियायुक्त काचतंतूच असल्याची खात्री करून घ्यावी. वरचा उतार आणि खालची खोबण प्रतिकृतीतही हवी. फक्त खालून दिसणारा आकार साधलेल्या प्रतिकृती आम्ही पाहिल्या आहेत, आणि पहिल्याच पावसात त्यांच्याखालच्या भिंतीवर ओघळ उमटले होते.

१९. हल्ली पट्टीऐवजी भिंत आणि छत यांत बारीक खाच ठेवतात. ती सोपी नाही का?

दिसायला सोपी, करायला अवघड. कॉर्निस वाकडेपणा झाकते, तर सावलीची खाच तो उघड करते. दहा-बारा मि.मी.च्या खाचेत दोन मि.मी.चा फरकही दिसतो, त्यामुळे गिलावा ओळंब्यात आणि छत पाणसळीत असणे आवश्यक ठरते. सांध्याची हालचाल सामावण्याचे काम मात्र खाच उत्तम करते, कारण तिथे भरलेले काहीच नसते आणि म्हणून फुटण्यासारखेही काही नसते. नवीन बांधकामात, कारागीर चांगला असेल तर खाच जरूर करावी. जुन्या घरात तिच्या नादी न लागता प्रश्न ६ मध्ये सांगितलेला पुठ्ठ्याचा तुकडा आधी लावून पाहावा.